ट्विन्सनी ट्रिपल-ए संघ रॉचेस्टरहून सेंट पॉलला आणला ते योग्यच झालं

मिसिसिपीकाठ (धागाकर्ता)

परवा मंडळाच्या सहलीत एका पाहुण्यांशी या विषयावर जोरदार वाद झाला. पिठलं थंड झालं तरी दोघंही मागे हटेनात. बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून इथे नीट मांडतो.

बेसबॉल न बघणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात. मेजर लीगच्या प्रत्येक क्लबखाली मायनर लीगच्या संघांची उतरंड असते, आणि तिच्यात सगळ्यात वरचा असतो ट्रिपल-ए. खेळाडू मुख्य क्लबचे, त्यांचा पगारही मुख्य क्लबच देतो. गावातला संघ मात्र बहुतेक ठिकाणी दुसऱ्याच मालकाचा असतो. मैदान, तिकिटं, खानपान हे सगळं त्याच्याकडे. दोघांत करार असतो, आणि तो संपला की क्लब दुसरं गाव बघू शकतो. आमच्या मिनेसोटा ट्विन्सचा ट्रिपल-ए संघ 2003 पासून न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला होता, रस्त्याने हजार मैलांच्या आसपास. 2020 च्या डिसेंबरात ट्विन्सनी रॉचेस्टर सोडलं आणि सेंट पॉल सेंट्स हा तोवर कुणाशीच न बांधलेला संघ जोडून घेतला. ट्विन्सच्या टार्गेट फील्डपासून सेंट्सचं सीएचएस फील्ड साधारण 10 मैल. ग्रीन लाइन ट्रेनमध्ये मिनियापोलिसला मैदानाच्या दारात बसायचं आणि सेंट पॉलला शेवटच्या स्टेशनवर उतरून थोडं चालायचं.

माझ्या मते हे फार आधी व्हायला हवं होतं.

खेळाडूच्या जागी उभं राहून बघा. मुख्य संघात 26 जण. त्यातला एक जायबंदी झाला की खालून कुणालातरी बोलावणं जातं. रॉचेस्टरचे दिवस असताना रात्री अकराला फोन, पहाटेचं विमान, दुपारी सामना. झोप नाही, बॅग अर्धी भरलेली, बायको-मुलं मागे. आता तोच मुलगा आपल्या गाडीत किट टाकून पंचवीस मिनिटांत टार्गेट फील्डला पोचतो, आणि परत खाली पाठवलं तरी रात्री स्वतःच्याच घरी झोपतो. दुखापतीतून उठलेले खेळाडू अंदाज घ्यायला खाली खेळतात, तेव्हा मुख्य क्लबचे डॉक्टर आणि प्रशिक्षक प्रत्यक्ष येऊन बघू शकतात. ट्विन्सचे बायरन बक्स्टन आणि रॉइस लुइस दोघांनाही मी असं सेंट पॉलमध्ये खेळताना पाहिलंय.

आणि आम्ही प्रेक्षक. माझी मुलगी नऊ वर्षांची. सीएचएस फील्डला डाव्या बाजूला हिरवळीचा उतार आहे, तिथे चादर पसरून बसतो. एका शनिवारी कठड्याशी उभं राहून तिने एका पिचरकडून (चेंडू टाकणाऱ्याकडून) चेंडूवर सही घेतली. शाई ओली होती म्हणून घरी जाईपर्यंत चेंडू दोन बोटांत धरून बसली. पुढच्या मंगळवारी तो टार्गेट फील्डवर उतरला तेव्हा ती खुर्चीवर उभी राहून त्याच्या नावाने ओरडत होती. तो संघ हजार मैलांवर असता तर तिला ते नाव कधी कळलंही नसतं.

फ्लॉवर सिटी

मी एकोणीस वर्षं रॉचेस्टरला आहे. सहलीतला पाहुणा मी नव्हे, पण त्यांच्या जागी असतो तर मीही हटलो नसतो.

दादा, तुम्ही रॉचेस्टरचा उल्लेख फक्त अंतर सांगायला केलात. त्या गावाबद्दल दोन शब्द लिहिले असते तर बरं वाटलं असतं, म्हणून मीच लिहितो. इथला रेड विंग्स हा संघ कुणा एका धनिकाचा नाही, गावाचा आहे. 1957 मध्ये तेव्हाचे मालक, सेंट लुइस कार्डिनल्स क्लबने हात काढून घेतला तेव्हा मॉरी सिल्व्हर नावाच्या इथल्या उद्योजकाने पुढाकार घेतला आणि 8,222 लोकांनी शेअर विकत घेऊन संघ वाचवला. माझ्या शेजारच्या आजोबांकडे वडिलांच्या नावाचं ते प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं आहे. त्यानंतर बॉल्टिमोर ओरिओल्स क्लबबरोबर 42 वर्षं काढली. त्यांचा मोठा खेळाडू कॅल रिप्केन इथूनच वर गेला. 1981 चा तो 33 डावांचा सामना, व्यावसायिक बेसबॉलमधला सगळ्यात लांबलेला, तो पॉटकेटविरुद्ध आमचाच संघ खेळला आणि रिप्केन त्यात होता.

मग ट्विन्स आले. जस्टिन मोर्नो, ब्रायन डोझियर, होजे बेरिओस आणि तुमचा तो बक्स्टनसुद्धा, हे सगळे एप्रिलच्या आमच्या गारठ्यात खेळले. लोक दोन-दोन जॅकेट घालून यायचे, हातात गरम 'व्हाइट हॉट' (इथला पांढऱ्या सॉसेजचा हॉट डॉग) धरून. शहराने इथली कोडॅक ही फिल्मची कंपनी ढासळताना पाहिली. तिचा मनोरा मैदानाच्या शेजारीच उभा आहे. एवढं होऊनही मैदान सुरू राहिलं. 2020 ला कोविडमुळे मायनर लीगचा हंगामच झाला नाही. सप्टेंबर 2019 ला आम्ही घरी निघालो तेव्हा ट्विन्सचे खेळाडू इथे शेवटचे दिसताहेत हे कुणालाच माहीत नव्हतं. अठरा वर्षांच्या नात्याला निरोपाचा एक सामनासुद्धा मिळाला नाही.

तुमच्या लेकीच्या हातातला तो सहीचा चेंडू खरा आहे. पण तसाच चेंडू 2019 पर्यंत इथल्या कुणा मुलीच्या हातात होता, हे लक्षात असू द्या.

मिसिसिपीकाठ

फ्लॉवर सिटी, वाचून वाईट वाटलं आणि ते मनापासून सांगतो. निरोप मिळायलाच हवा होता. पण रॉचेस्टर रिकामं राहिलं नाही ना? वॉशिंग्टन नॅशनल्स लगेच आले. वॉशिंग्टन तुम्हाला मिनियापोलिसच्या निम्म्याहूनही जवळ. म्हणजे जवळ येण्याचा फायदा तुम्हालाही झाला. 2024 मध्ये त्यांचे जेम्स वुड आणि डिलन क्रूज हे तरुण खेळाडू दोघेही रॉचेस्टरहूनच वर गेले. ते आमच्याकडे असते तर मी खूश झालो असतो.

व्हॅलीतली ताई

रॉचेस्टरला नॅशनल्स मिळाले, पण ते कुठून उठून आले हे कुणीच लिहीत नाही. आमच्या फ्रेस्नोतून.

कॅलिफोर्नियाच्या मध्यभागी आमचं शेतीचं गाव. द्राक्षं, बदाम, उन्हाळ्यात अंगाची लाही होते. 1998 पासून फ्रेस्नो ग्रिझलीज ट्रिपल-ए खेळायचा, सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा संघ म्हणून. 2002 ला शहराने डाउनटाउनमध्ये मैदान बांधलं. 2015 ला जायंट्स सॅक्रामेंटोला गेले. कारण? घराजवळ. मग ह्यूस्टन अॅस्ट्रोज आले. त्याच वर्षी आम्ही ट्रिपल-एचं राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं. 2019 ला अॅस्ट्रोज टेक्सासमधल्या राउंड रॉकला गेले. घराजवळ. मग नॅशनल्स आले, तेही नाइलाजाने. त्यांचा संघ सिरॅक्यूजला होता, पण न्यूयॉर्क मेट्सना लास व्हेगासहून घराजवळ यायचं होतं, म्हणून मेट्सनी सिरॅक्यूजचा संघच विकत घेतला. देशाच्या दुसऱ्या टोकाचे नॅशनल्स आमच्याकडे येऊन पडले आणि दोन वर्षांत रॉचेस्टरला निघून गेले. घराजवळ.

शेवटी 2021 ला मेजर लीगने सगळी रचना नव्याने लावली, संलग्न संघ 160 वरून 120 वर आणले, आणि फ्रेस्नोला ट्रिपल-एवरून थेट लो-एमध्ये, म्हणजे उतरंडीच्या सगळ्यात खालच्या पायरीवर टाकलं. मैदान तेच, प्रेक्षक तेच, फक्त आता उद्या-परवा मेजर लीगमध्ये दिसेल असा खेळाडू इथे येत नाही. एकोणीस-वीस वर्षांची पोरं येतात. त्यांच्यावर आमचं प्रेम आहे. पण तीन क्लबांनी एकाच कारणासाठी आम्हाला सोडलं, आणि प्रत्येक वेळी त्या क्लबच्या गावात तुमच्यासारखाच कुणीतरी म्हणाला असेल की योग्यच झालं.

आकडेमोड

ताईंच्या माहितीला एक जोड देतो. 2019 ला नॅशनल्सचा ट्रिपल-ए संघ फ्रेस्नोत होता, म्हणजे मुख्य क्लबपासून जवळपास खंडाच्या पलीकडे. आणि त्याच वर्षी नॅशनल्सनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगचं अजिंक्यपद जिंकलं. जवळचा संघ असल्याशिवाय चालत नाही हे म्हणणं त्यामुळे मला पटत नाही. सोय होते, मान्य. सोय आणि गरज यांत फरक करा.

दुसरा मुद्दा खेळाडूचा. धागाकर्ते म्हणतात की दहा मैलांमुळे खेळाडूला सुख झालं. क्लबलाही तेच दहा मैल आहेत. काल दोन डाव टाकून थकलेल्या पिचरला आज खाली पाठवायचं, ताज्या दमाच्याला वर आणायचं, हे जेवढं स्वस्त आणि सोपं तेवढं जास्त होणार. मेजर लीगमध्ये किमान पगार 2024 ला 7,40,000 डॉलर होता, म्हणजे हंगामातल्या दिवसाला सुमारे 4,000. ट्रिपल-एला 2023 च्या करारानंतर वर्षाला किमान 35,800. वर असलेला प्रत्येक दिवस त्या मुलासाठी किती मोलाचा ते यावरून कळतं. हा खालीवर खेळ इतका वाढला होता की 2022 पासून एका खेळाडूला एका हंगामात पाचपेक्षा जास्त वेळा खाली पाठवता येत नाही असा नियम करावा लागला. पिचरला खाली पाठवलं की किमान 15 दिवस परत आणता येत नाही, जायबंदीच्या जागी असेल तरच सूट.

मिसिसिपीकाठ

आकडेमोड, नियम बरोबर सांगितलात. पण तुमचाच नियम माझ्या बाजूने बोलतोय. खालीवर करणं सगळेच क्लब करतात, जवळचेही आणि लांबचेही. पाच वेळा खाली जायचंच असेल तर ते विमानाने जावं की गाडीने? पूर्वी यातली कित्येक मुलं दोन गावांत दोन भाडी भरायची. 2021 च्या आधी ट्रिपल-एचा किमान पगार आठवड्याला 502 डॉलर होता, आणि राहण्याची सोय क्लबने करायची हे 2022 पासून सुरू झालं. दोन बिऱ्हाडांऐवजी एक बिऱ्हाड, ही त्यांच्यासाठी लहान गोष्ट नव्हती.

ताई, फ्रेस्नोचं वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. तुमचा राग योग्य आहे. पण तो लो-एमध्ये ढकलण्याच्या निर्णयावर हवा. तो निर्णय मेजर लीगचा होता, सेंट पॉलने तुमचं काही घेतलं नाही.

व्हॅलीतली ताई

सेंट पॉलला मी बोललेच नाही. पण एकाने घराजवळ जायचं ठरवलं की कुणीतरी उठतो, आणि तो दुसऱ्याला उठवतो. तुमच्या दहा मैलांचा धक्का रॉचेस्टरला लागला, रॉचेस्टरचा आम्हाला. निर्णय वेगवेगळ्या लोकांचे असले तरी साखळी एकच आहे.

लॉरेन्सव्हिलचा मराठी माणूस

जॉर्जियातून. आमच्या ग्विनेट काउंटीचा अनुभव लिहायलाच हवा, कारण 'जवळ आणलं की गावाचं भलं' हे आम्हीही ऐकलं होतं.

अटलांटा ब्रेव्ह्जचा ट्रिपल-ए संघ 1966 पासून व्हर्जिनियातल्या रिचमंडला होता, 43 हंगाम. तिथलं मैदान जुनं झालं होतं, नव्याचं काही जमेना. 2009 ला ब्रेव्ह्जनी तो इथे आणला, अटलांटापासून पस्तीसेक मैल. मैदान काउंटीने बांधलं, खर्च अंदाजापेक्षा फुगून सुमारे 6 कोटी 40 लाख डॉलरवर गेला. मी मुलांना घेऊन नेहमी जातो. पार्किंग सोपं, तिकीट स्वस्त, खेळाडू हाताच्या अंतरावर. पण स्टँड भरत नाहीत. प्रेक्षकसंख्येत आमचा संघ लीगच्या तळाशीच राहिला आहे. कारण उघड आहे: ज्याला ब्रेव्ह्ज बघायचे तो थेट ब्रेव्ह्जच्या मैदानावर जातो. टीव्हीवर रोज दिसणारा क्लब तासाभरावर असताना त्याचा धाकटा भाऊ बघायला पैसे कोण टाकणार?

आणि रिचमंड? 2010 ला तिथे फ्लाइंग स्क्विरल्स नावाचा डबल-ए, म्हणजे ट्रिपल-एच्या एक पायरी खालचा संघ आला. त्याचा मुख्य क्लब सॅन फ्रान्सिस्को जायंट्स, देशाच्या पार पलीकडे. त्याच जुन्या मैदानावर ते डबल-एमधल्या सगळ्यात जास्त गर्दीच्या संघांत गणले जाऊ लागले. लोकांना मुख्य क्लबचं अंतर आठवतसुद्धा नाही. संघाचं नाव, नेहमीच्या जागा, शेजारी बसणारी माणसं, एवढं पुरतं त्यांना.

मिसिसिपीकाठ

ग्विनेटचं उदाहरण आमच्याकडे लागू होत नाही. तिथे नव्या जागी नवा संघ रुजवायचा होता. सेंट्सचा प्रेक्षक 1993 पासूनचा, पक्का. आणि या दोन शहरांचं नातं त्याहून कितीतरी जुनं आहे. ट्विन्स 1961 ला वॉशिंग्टनहून इथे आले, त्याआधी जुने सेंट पॉल सेंट्स आणि मिनियापोलिस मिलर्स एकाच लीगमध्ये खेळायचे. सुट्टीच्या दिवशी सकाळचा सामना एका शहरात, दुपारचा दुसऱ्या, आणि मधल्या वेळात लोक ट्रॅमने नदी ओलांडून जायचे. 1948 ला रॉय कॅम्पनेला हा कृष्णवर्णीय खेळाडू सेंट पॉलकडून खेळला आणि त्या लीगमधली वर्णभेदाची भिंत पडली. 1951 ला विली मेज मिलर्सकडून 35 सामन्यांत .477 च्या सरासरीने (म्हणजे जवळजवळ दर दोन संधींत एक यशस्वी फटका) फटकावत सुटला आणि तेव्हा न्यूयॉर्कला असलेल्या जायंट्सनी त्याला वर नेलं. आज मी ग्रीन लाइनने एका मैदानावरून दुसऱ्यावर जातो तेव्हा ते जुनं काहीतरी परत आल्यासारखं वाटतं.

लोअरटाउनची काकू

मी सेंट पॉलचीच, मैदानाशेजारच्या शेतकरी बाजारात दर शनिवारी भाजी घेते. आणि तरीही धागाकर्त्याशी असहमत.

तू जुना इतिहास सांगितलास, पण 1993 ते 2020 मधला गाळलास. तोच आमचा खरा काळ. त्या 28 वर्षांत सेंट्स कुणाचे नव्हते. लीगही स्वतंत्र. मिडवे स्टेडियमला आउटफिल्डच्या मागून मालगाडी जायची आणि सगळं मैदान हात हलवायचं. अंपायरला चेंडू आणून द्यायला डुकराचं पिल्लू, स्टँडमध्ये लोकांच्या पाठी रगडून देणारी नन. हे सगळं संघ चालवणाऱ्या माइक व्हीक आणि त्याच्या माणसांनी उभं केलं. पण माझ्यासाठी महत्त्वाचं होतं ते मैदानावर कोण उतरायचं हे. ज्यांना सगळीकडून नकार मिळालाय ती माणसं. 1996 ला डॅरिल स्ट्रॉबेरी, मेजर लीगचा एकेकाळचा तारा पण सगळ्यांनी मोडीत काढलेला, इथे खेळला आणि त्याच उन्हाळ्यात मेजर लीगच्या न्यूयॉर्क यँकीजकडे गेला. 1997 ला इला बॉर्डर्सने इथे चेंडू टाकला. बाई, पुरुषांच्या व्यावसायिक संघात पिचर म्हणून. मी तेव्हा नवीनच इथे आले होते, नोकरीत एकटीच बाई होते. ती पिचरच्या उंचवट्यावर चढली तेव्हा आजूबाजूचे सगळे उभे राहिले आणि मीही उभी राहिले. मला खेळाचे नियमसुद्धा येत नव्हते.

आज संघात कोण असावं हे सेंट पॉलमध्ये ठरत नाही. मिनियापोलिसला ठरतं. सामना रंगात आला असताना चांगला टाकणारा पिचर मधूनच काढून घेतात, कारण उद्या वर लागेल. ते बरोबरच आहे, ट्रिपल-ए त्यासाठीच असतं. पण मग आमचा संघ जिंकला की हरला याची पर्वा कुणाला? 2023 ला मालकीही गेली, अनेक मायनर लीग संघ विकत घेणाऱ्या एका कंपनीकडे. पिल्लू अजून येतं. मी अजून जाते. पण तेव्हासारखी नाही.

मिसिसिपीकाठ

काकू, इला बॉर्डर्सचं तुम्ही कधी बोलला नाहीत. लेकीला वाचून दाखवलं.

मालकी विकली गेली याचं मलाही वाईट वाटतं. पण विचार करा, 2020 नंतर स्वतंत्र राहिलेल्या संघांची अवस्था काय? पूर्वी वर्षाला घरचे 50 सामने, आता 75. दर्जा तर कितीतरी वर गेला.

लोअरटाउनची काकू

दर्जा वर गेला, कबूल. बाकीचं माझं म्हणणं तेच आहे.

गहुंजे एंड

पुण्याहून वाचतोय, बेसबॉलमधलं फार कळत नाही. पण आमच्या गावाला आयपीएलचा संघ दोनदा मिळाला आणि दोनदा गेला. 2016 ला तर दुष्काळामुळे उच्च न्यायालयाच्या आदेशाने मे महिन्यातले सामने महाराष्ट्राबाहेर गेले आणि आमचा संघ 'घरचे' सामने विशाखापट्टणमला खेळला. पाण्यासाठी ते योग्यच होतं, त्यावर वाद नाही. 2018 ला उलट झालं, कावेरीच्या आंदोलनामुळे चेन्नईचा संघ गहुंज्याला आला. चेन्नईहून खास रेल्वे भरून माणसं आली होती. स्टेडियमबाहेर त्यांच्यातल्या एका गृहस्थांना मी रिक्षा मिळवून दिली. एवढा प्रवास कशाला केलात म्हणून विचारलं, तर ते म्हणाले, संघ इथे आहे म्हणून.

माझा प्रश्न फ्लॉवर सिटी यांना. आता तुम्ही कुणाचे? ट्विन्सचे की नॅशनल्सचे?

फ्लॉवर सिटी

रेड विंग्सचे. हे इथे कुणालाही विचारा, हेच उत्तर येईल.

पण तुम्ही विचारलंत म्हणून घरातलं सांगतो. मुलगा सोळा वर्षांचा आहे, वुड आणि क्रूजचा भक्त, भिंतीवर नॅशनल्सचा पेनंट (तिकोनी झेंडा). कपाटावर अजून ट्विन्सची टोपी आहे, लहानपणीची, आता डोक्यात जात नाही. मी दोनदा देऊन टाकायला काढली आणि त्याने दोनदा परत ठेवली. टीव्हीवर बक्स्टन बॅटिंगला आला की तो हातातला फोन खाली ठेवतो. तेवढी इनिंग बघतो, मग परत आपल्या कामाला लागतो.